दोन चौदाची लिंक

१

सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी रुग्णालयाची यंत्रं सांभाळणाऱ्या पानेवाल्याने चार नंबरच्या शीतपेटीचं झाकण उचललं आणि आतून वाफ आली नाही.

तेवढ्यावरूनच त्याला काय ते कळलं. उणे दीडशे अंशांची पेटी उघडली की पांढरी वाफ भसकन अंगावर येते, स्वतःचा हात दिसेनासा होतो. त्या सकाळी आतल्या बाराच्या बारा पिशव्या लख्ख दिसत होत्या. त्याने सातवी पिशवी बोटाने दाबली. ती दबली.

सातव्या पिशवीत गणित शिकवणाऱ्या एका शिक्षिकेच्या मूळपेशी होत्या. वय एकतीस. आजार रक्ताचा. अशा रोग्याच्या पेशी आधी काढून गोठवून ठेवतात, मग त्याला इतकं जहाल औषध देतात की हाडांतला मगज पार जळून जातो, आणि शेवटी गोठवलेल्या पेशी परत देतात. औषध तिला देऊन झालं होतं. पेशी त्याच दिवशी दुपारी द्यायच्या होत्या. दुसरा दाता मिळाला नाही. ती एकोणिसाव्या दिवशी गेली, आणि त्या एकोणीस दिवसांतला एकही दिवस तिला सोपा गेला नाही.

पेटीने आदल्या दिवशी दुपारी दोन दहालाच धोक्याची सूचना पाठवली होती. सूचनेत एक लिंक असते, 'दखल घेतली' अशी. ती उघडली की पेटी समजते, माणूस येतो आहे, आणि चोवीस तास गप्प बसते. कोणीच ती उघडली नाही, तर पंधरा मिनिटांनी सगळ्या मजल्यावर भोंगा वाजतो. त्या दिवशी भोंगा वाजला नाही. नोंदवहीत सरळ लिहिलेलं होतं: दोन चौदा, दखल घेतली, स्वागत टेबलावरचा कॉम्प्युटर.

त्या टेबलावर एक आंधळी बाई बसते. फोन घेते, निरोप देते, चहा सांगते. सगळे तिला ताई म्हणतात.

ताईंना घरी बसवलं गेलं. आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, अंधांना कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका केंद्रात, सव्वीस वर्षांच्या एका तरुणाच्या टेबलावर एक पत्र येऊन पडलं. पदार्थविज्ञान शिकलेला, चष्म्याच्या काचा दिवसातून दहादा पुसणारा हा तरुण रुग्णालयात 'स्क्रिप्टवाला' म्हणून ओळखला जायचा. पत्रात लिहिलं होतं: 'आपण बसवून दिलेली स्क्रिप्ट संवादातील लिंका आपोआप उघडते, असे निदर्शनास आले आहे. चौकशी समितीपुढे शुक्रवारी सकाळी अकरा वाजता खुलासा करावा.'

त्याने पत्र दोनदा वाचलं. 'आपोआप' या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली, आणि तडक ताईंचं घर गाठलं.

२

दार वहिनीने उघडलं. ताई भावाकडे राहायच्या.

"या. तुम्हीच का ते मशीनवाले? बसा. ह्यांना मी सांगतच होते, बाईमाणसाला झेपेल तेवढंच काम घ्यावं. आता शेजारपाजारचे विचारतात, तुमच्या नणंदेनेच ना ती मास्तरीण मारली? काय सांगायचं आम्ही?"

"वहिनी, मी इथेच आहे," आतून ताई म्हणाल्या.

"आहेस ना. तेच म्हणतेय मी, आहेसच."

ताई खाटेच्या कडेवर ताठ बसल्या होत्या. चाळिशीच्या आसपास, केस घट्ट बांधलेले, गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेला पेनड्राइव्ह. स्क्रिप्टवाल्याने तो पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली.

"अजून गळ्यातच आहे तुमच्या?"

"कुठे ठेवू? ऑफिसच्या कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर बसवायला त्यांनी परवानगी दिली नव्हती, तुम्हीच यावर घालून दिलात. घरात कॉम्प्युटर नाही. त्या दिवशी संध्याकाळी काढून गळ्यात घातला, तो तसाच आहे."

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम. तो पत्रं वाचतो, बातम्या वाचतो. पण रुग्णालयाच्या गप्पांच्या प्रोग्रामपुढे त्याने हात टेकले होते. निरोप वाचायचा, पण निरोपातली लिंक काही हाताला लागायची नाही. डोळसांनी माउसने टिचकी मारायची आणि ताईंनी शेजारच्याला हाक मारायची, "जरा उघडून देता का?" शेजारचा उठायचा, पण सुस्कारा टाकून. म्हणून स्क्रिप्टवाल्याने एकशे चाळीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली. दोन कळा एकदम दाबायच्या. निरोपात एक लिंक असेल तर स्क्रिप्ट तिचं नाव वाचून ती उघडते. जास्त असतील तर यादी वाचते आणि आकड्याची वाट पाहते. कळा दाबल्याशिवाय ती काहीही करत नाही. 'आपोआप' हा शब्द त्याला लागला होता तो यामुळे.

"त्या दिवसाचं सांगा."

"त्या दिवशी तपासणीचे पाहुणे होते. विभागाची मान्यता पुढे चालू ठेवायची की नाही ते ठरवणारे. आमच्या विभागप्रमुख मॅडम सकाळपासून त्यांच्या मागेपुढे. जेवणानंतर 'विभाग'वरून मला निरोप आला, 'पाहुण्यांचा चहा, मंजूर करा.' खाली लिंक. मी कळा दाबल्या. पान उघडलं, त्यावर एवढंच, 'ठीक आहे, नोंद झाली.' मी म्हटलं, झाली चहाची नोंद."

"'विभाग' म्हणजे कोण?"

"सगळेच. सामायिक खातं आहे. पासवर्ड भिंतीवर चिकटवलाय म्हणे. मॅडम, पानेवाला, गमत्या, ज्याला वाटेल तो त्यावरून पाठवतो. कोणी पाठवलं ते कळत नाही." ताई थांबल्या. "कळू नये म्हणूनच तर पाठवायचे. सर, मी तुम्हाला एकदा लिहिलं होतं बघा, उन्हाळ्यात..."

"ते नंतर बघू, ताई. आधी पेनड्राइव्ह द्या."

त्याने आपला लॅपटॉप उघडून पेनड्राइव्ह लावला. लगेच खोलीत पत्र्यावर वाटाणे ओतावेत तसा आवाज घुमला. वहिनीने कानांवर हात ठेवले.

"अगं बाई! हे काय?"

"हे माझं वाचन," ताई म्हणाल्या. "तुम्ही लोक बोलता त्याच्या चौपट वेगाने. हळू ऐकलं तर दिवस पुरायचा नाही."

स्क्रिप्टवाल्याला स्वतःला त्यातला दर चौथा शब्द कळायचा, तोही नशीब असेल तर. त्याने आवाज बंद केला आणि स्क्रिप्टची फाइल उघडली. उघडलेल्या शेवटच्या दहा लिंका स्क्रिप्ट लक्षात ठेवायची. पुन्हा लागली तर शोधावी लागू नये म्हणून त्याने हौसेने केलेली सोय. कॉम्प्युटर विभागाला ती ठाऊक नव्हती. कोणी विचारलंच नव्हतं.

दहावी नोंद, वेळ दोन चौदा. नाव: 'पाहुण्यांचा चहा, मंजूर करा.'

त्याने नावाच्या शेजारचा पत्ता पाहिला. पत्ता चहाचा नव्हता.

३

गमत्या प्रयोगशाळेत नमुन्यांच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचा. त्याचं टेबल ताईंच्या टेबलासमोरच होतं. ताईंची खुर्ची आता भिंतीला लावली होती आणि तिच्यावर हातमोज्यांची खोकी रचून ठेवली होती.

"लिंकेचं नाव एक आणि पत्ता दुसराच, असं करता येतं का हो इथे?" स्क्रिप्टवाल्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

गमत्याचे कान लाल झाले. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच सांगा की."

"अहो, गंमत हो ती. सगळेच करायचे. 'पगारपत्रक' असं नाव द्यायचं आणि उघडलं की गाढव ओरडायचं. हेडफोनमध्ये. ताई अशा उडायच्या ना खुर्चीवर!" तो हसला, आणि समोरचा हसत नाही हे पाहून जरा सावरला. "डोळसांना लगेच कळतं. लिंकेवर बाण नेला की खाली खरा पत्ता दिसतो. त्यांना नाही दिसत. तुमची ती स्क्रिप्ट नाव तेवढं वाचते ना."

"फक्त गाढव?"

गमत्याने एक चिठ्ठी वाकडी चिकटवली, उपटली, पुन्हा चिकटवली. "एकदा 'भाचीचा फोटो' नाव देऊन एक घाणेरडं रेकॉर्डिंग पाठवलं होतं. मी नाही हां. मी फक्त पाहिलं. सगळे उठून त्यांच्या समोर उभे होते, तोंड कसं होतं बघायला. त्यांना वाटत होतं, खोलीत कोणी नाही."

"मॅडम?"

"मॅडमही होत्या. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या."

"आणि तरी ताई लिंका उघडायच्या?"

"उघडाव्याच लागणार! दहांतल्या नऊ कामाच्या असायच्या. एक चुकवली तर मॅडम घरी पाठवतील. हीच तर गंमत होती ना."

स्क्रिप्टवाल्याने चष्मा काढून पुसला. "त्या दिवशी चहाची लिंक तुम्ही पाठवलीत?"

"देवाशपथ नाही! पाठवणार कशी? त्या दिवशी एक वाजताच सगळ्यांचे फोन एका डब्यात घालून कुलूप लावलं होतं. पाहुण्यांसमोर कोणी फोनमध्ये डोकं घालून दिसायला नको म्हणून. टेबलावरचे कॉम्प्युटरही बंद. पाहुण्यांना रिकामी, चकचकीत टेबलं दाखवायची होती. चालू होता तो एकट्या ताईंचा, फोन घ्यायचे म्हणून."

"तो कॉम्प्युटर बघायला मिळेल?"

"कसला बघताय! पेटी बिघडल्याचं कळलं त्याच दिवशी पुसून कोरा केला. व्हायरस असेल म्हणाल्या मॅडम."

४

पानेवाला तळघरात, पंपाच्या मागे सापडला. मागच्या खिशात पाना, हातात दुसरा पाना. बोलायला राजी नव्हता.

"मी काही पाहिलं नाही."

"धोक्याची सूचना कोणाकोणाला जाते?"

"पहिली सूचना दोघांनाच. मॅडमच्या फोनवर आणि माझ्या. पंधरा मिनिटं कोणी हललं नाही, की मग भोंगा."

"ताईंना?"

"त्यांना कशाला? त्या टेलिफोनवाल्या."

"म्हणजे ती लिंक ताईंना मुळात आलीच नव्हती."

"कॉम्प्युटरवाले म्हणतात, तुमची स्क्रिप्ट सगळ्यांच्या गप्पांत हात घालून लिंका ओढून आणते."

"आणि ते तुम्हाला पटलं?"

पानेवाल्याने पाना फरशीवर आपटला. "मला काय पटायचंय! लिंक दर सूचनेला नवी येते, मागे नवा आकडा लागतो. जुनी ठेवून चालत नाही. एवढं मला कळतं. सकाळी आठला फोन परत मिळाला तेव्हा मी ती सूचना पाहिली. पळत वर गेलो. पेटीत वाफ नव्हती." त्याने फरशीवरचा पाना उचलला. "मॅडमना म्हटलं, सूचना आपल्या दोघांना आली होती, हे लिहायला पाहिजे. त्या म्हणाल्या, लिही की. दोघांतला एक तू. मी साहेबलोकांत बसते, तू तळघरात बसतोस. कोणावर शेकेल, हिशेब कर. मला दोन पोरी आहेत, साहेब."

मॅडमची खोली सर्वांत वरच्या मजल्यावर होती. टेबलावर एक कागद नाही. भिंतीवर नव्या मान्यतेचं प्रमाणपत्र, काचेत बसवलेलं.

"तुम्ही तरुण आहात," मॅडम म्हणाल्या. "चांगल्या मनाने केलंत. पण आंधळ्या माणसाच्या हाती असली हत्यारं देऊ नयेत. मला तिची कीव येते. समितीला दिलेल्या पत्रात मी तसं लिहिलंही आहे, की तिला शिक्षा करू नका, फक्त काढून टाका."

"लिंक तिने जाणूनबुजून उघडली, असं तुमचं म्हणणं आहे?"

"म्हणणं कशाला? मी पाठीमागे उभी होते. पाहुण्यांना पाणी सांगायला आले होते. हेडफोन तिने एका कानावरून सरकवला होता, आवाज बाहेर येत होता. मी माझ्या कानांनी ऐकलं. मशीन म्हणालं, 'शीतपेटी चार, दखल घेतली.' आणि हिने बटण दाबलं. मला वाटलं, हिने पानेवाल्याला सांगितलं असेल."

"तुम्हाला स्वतःला सूचना आली नव्हती?"

"आली असेल. पाहुणे सोबत असताना मी फोनकडे पाहत बसू? दिवसभर तो माझ्या हातात होता, पण नुसता हातात."

"शब्द न् शब्द ऐकलात?"

"स्पष्ट. लेखी देते, हवं तर."

"द्या," स्क्रिप्टवाला म्हणाला. मॅडमनी दिलं. सही ठसठशीत होती.

जिना उतरताना तो मधल्या पायरीवरच थांबला. मॅडम खोटं बोलल्या होत्या, हे त्याला ऐकताक्षणीच कळलं होतं. पण ते समितीच्या गळी उतरवायला त्याचा शब्द पुरणार नव्हता. ते मॅडमच्याच तोंडून यायला हवं होतं.

५

शुक्रवारी अकरा वाजता समितीच्या खोलीत सहा माणसं होती. अध्यक्ष, म्हणजे एक निवृत्त डॉक्टर. ऐकायला कमी येत असल्याने पुढे झुकून बसलेले. मॅडम. पानेवाला, दाराशी. ताई आणि स्क्रिप्टवाला. आणि अगदी मागच्या खुर्चीत गेलेल्या शिक्षिकेचा नवरा. तो बोलावल्याशिवाय आला होता, आणि जा म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

ताई आत येताना त्याच्या खुर्चीला अडखळल्या. "माफ करा," म्हणाल्या.

तो म्हणाला, "तुम्हाला दिसत नाही. म्हणून शिवीसुद्धा देता येत नाही मला. तेवढंही सुख नाही."

ताईंनी मान खाली घातली आणि हाताने चाचपून आपली खुर्ची शोधली. कोणी मदत केली नाही.

स्क्रिप्टवाल्याने लॅपटॉप टेबलावर ठेवला, ताईंचा पेनड्राइव्ह लावला.

"साहेब, मॅडमनी लिहून दिलं आहे की ताईंच्या मशीनने काय वाचलं ते त्यांनी शब्दशः ऐकलं. मी एक वाक्य लावतो. मशीन ताईंचंच, वेग ताईंचाच. मॅडमनी ते ओळखावं."

"हा काय पोरखेळ आहे?" मॅडम म्हणाल्या.

"ऐका की," अध्यक्ष म्हणाले. "तुमचे कान तरी शाबूत आहेत."

कळ दाबली. पत्र्यावर वाटाणे सांडले. दोन सेकंदांत संपलं.

मॅडमच्या कपाळावर बारीकशी आठी आली आणि लगेच विरली. "हेच. हेच ऐकलं होतं मी. 'शीतपेटी चार, दखल घेतली.'"

"नक्की?"

"नक्की."

"ताई, तुम्ही सांगा. मशीन काय म्हणालं?"

ताई सावकाश, शाळेतला धडा म्हणावा तसं बोलल्या: "म्हणालं, 'आज शुक्रवार आहे, बाहेर ऊन आहे, आणि या वाक्यात शीतपेटीचा उल्लेख नाही.'"

स्क्रिप्टवाल्याने वेग चौथाईवर आणला आणि तेच पुन्हा लावलं. खोलीतल्या प्रत्येकाने ते वाक्य ऐकलं. अध्यक्षांनीसुद्धा.

"हा वेग कानात बसायला आंधळ्या माणसाला वर्षं लागतात," तो म्हणाला. "डोळसाला तो बहुधा बसतच नाही. मॅडमनी काहीही ऐकलं नव्हतं. मग शीतपेटी, दखल, हे शब्द त्यांना कुठून कळले?"

"नोंदवहीत वाचले असतील," मॅडम म्हणाल्या. "ऐकल्याचा भास झाला मला. एवढंच ना? त्यावरून काय होतं?"

"नुसत्या त्यावरून काही होत नाही." त्याने पडदा अध्यक्षांकडे वळवला. "ही स्क्रिप्टची आठवण. दोन चौदाला ताईंनी उघडलेल्या लिंकेचं नाव, 'पाहुण्यांचा चहा, मंजूर करा.' आणि तिचा पत्ता, शीतपेटी चारची दखल. कोणीतरी दखलेच्या लिंकेवर चहाचं नाव चढवून ती ताईंना पाठवली. तुमच्याकडे ही करमणूक जुनी आहे, सगळ्यांना येते. तेव्हा कोणाला येत होतं हा प्रश्नच नाही. प्रश्न हा, की पत्ता कोणाकडे होता? तो दर वेळी नवा असतो. दोन दहाला तो जन्मला आणि दोनच फोनांवर गेला. एक पानेवाल्याचा. तो एक वाजल्यापासून डब्यात कुलूपबंद होता, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बाहेर निघाला. दुसरा फोन दिवसभर एकाच हातात होता. हेही मॅडम स्वतःच म्हणाल्या आहेत."

पानेवाला दाराला टेकला होता. अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिलं. "फोनच्या डब्याची किल्ली कोणाकडे होती?"

"मॅडमकडे." मग एकदम जोरात, "मॅडमकडे, साहेब! संध्याकाळी फोन द्यायच्या होत्या. पाहुण्यांना पोचवायला गेल्या त्या परत आल्याच नाहीत."

मॅडमनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला, प्यायल्या नाहीत, खाली ठेवला. मग जे बोलल्या ते विशेष चिडून नव्हे. वैतागून बोलल्या, वरिष्ठांना साधी गोष्ट समजावून सांगावी लागते तसं.

"भोंगा वाजला असता. पाहुण्यांच्या डोक्यावर. मान्यता गेली असती, अख्खा विभाग बंद पडला असता, तीनशे रोगी रस्त्यावर. मला अर्धा तास हवा होता फक्त. माझ्या नावाने दखल घेतली असती तर पाहुण्यांनी चार वाजता नोंदवही चाळताना मलाच जाब विचारला असता. स्वागत टेबलाचं नाव कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पाहुणे हलले की मी पानेवाल्याला वर पाठवणार होते. ते सहापर्यंत बसले. मग जेवायला घेऊन जावं लागलं. आणि मग..."

"मग?" अध्यक्षांनी विचारलं.

"लक्षातून गेलं."

मागच्या खुर्चीतून आवाज आला. "काय गेलं लक्षातून?"

कोणी वळलं नाही. शिक्षिकेचा नवरा उभा राहिला होता. "नाव सांगा ना तिचं. काय लक्षातून गेलं ते नाव घेऊन सांगा."

मॅडमना ते नाव आठवेना. त्यांनी खरंच प्रयत्न केला. भुवया वर गेल्या, ओठ हलले. मग त्या म्हणाल्या, "सात नंबरची पिशवी."

६

समितीने अर्ध्या तासात निर्णय दिला. मॅडमवर पोलिसांत तक्रार. ताईंवरचा आरोप मागे, सोमवारपासून कामावर रुजू. अध्यक्षांनी ताईंचा हात हातात घेतला आणि 'झालं गेलं विसरा' म्हणाले. गमत्याने खुर्चीवरची खोकी उतरवून ठेवली होती, तो तसं सांगायला मुद्दाम जिन्यात आला.

बाहेर लांबलचक व्हरांड्यात एक बाक होतं. एका टोकाला शिक्षिकेचा नवरा बसला होता, हातात तिची औषधांची फाइल. स्क्रिप्टवाला ताईंना दुसऱ्या टोकाला घेऊन आला. त्याला हलकं वाटत होतं. 'आपोआप' हा शब्द कायमचा खोडला गेला होता, आणि तर्काची कडी कडीत बसली होती, एकही फट न राहता. ताई आता काहीतरी म्हणतील, असं त्याला वाटलं.

ताई म्हणाल्या. "सर, मी तुम्हाला उन्हाळ्यात लिहिलं होतं."

"हो, त्या दिवशीही म्हणालात. काय होतं ते?"

"मला तोंडपाठ आहे. 'कृपया स्क्रिप्ट लिंकेचं नाव वाचते तसा पत्ताही वाचेल, आणि मगच लिंक उघडेल, अशी सोय करावी. इथे लोक नावं खोटी लावतात आणि मला फार त्रास होतो.' तुमचं उत्तरही पाठ आहे."

स्क्रिप्टवाल्याला उत्तर आठवत नव्हतं. पण ते ऐकायच्या आधीच त्याची मान ताठली.

"'पत्ते फार लांब असतात, ताई. कानाला काट्यासारखे टोचतात. तुमचा वेळ वाया जाईल. पुढच्या वेळी बघू.' उन्हाळ्यानंतर दोनदा आलात तुम्ही. एकदा आवाज बदलून दिलात, बाईचा हवा का पुरुषाचा म्हणून. किती ओळी लागल्या असत्या हो त्याला?"

तो उगाच काही तरी मनात मोजत राहिला. मग म्हणाला, "तीन."

"घाला आता."

"आत्ता? इथे?"

"सोमवारी मला त्याच खुर्चीत बसायचंय. समोर तीच माणसं असणार."

त्याने लॅपटॉप मांडीवर घेतला. तीन ओळी लिहायला चार मिनिटं लागली. फाइल जतन केली.

"झालं."

"दहावी लिंक लावा. वेग तुमचा ठेवा, माझा नको."

"ताई, कशाला..."

"लावा."

त्याने कळा दाबल्या. मशीन सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करून बोलू लागलं. आधी नाव: पाहुण्यांचा चहा, मंजूर करा. मग पत्ता. रुग्णालयाचं नाव, टिंब, तिरकी रेघ. धोका, तिरकी रेघ. शीतपेटी, चार. तिरकी रेघ. सात, शून्य, नऊ, नऊ, दोन, सहा, एक. तिरकी रेघ. दखल. उघडू का?

बाकाच्या दुसऱ्या टोकाला नवऱ्याने फाइलमधून मान वर केली. तो शेवटपर्यंत ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने फक्त स्क्रिप्टवाल्याकडे पाहिलं. आत मॅडमकडे पाहिलं होतं, तसंच.

ताईंनी पेनड्राइव्ह उपसून काढला आणि दोरी पुन्हा गळ्यात घातली.

"अकरा सेकंद," त्या म्हणाल्या. "तेवढे वाचवलेत तुम्ही माझे."